तिसऱ्या मजल्यावरचं माझं स्पॅनिश

शारजाच्या रोल्ला भागातल्या आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर सकाळ कोंबड्यानं नाही, तर लिफ्टच्या दारानं व्हायची. ते लोखंडी दार कुणी तरी जोरात ओढायचं, मग खालच्या ग्रोसरीतला शटरचा खडखडाट, मशिदीची अजान, आणि या सगळ्याखाली खिडकीतल्या एसीचा एकसुरी घरघराट. एसीचं पाणी बाहेर बांधलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यात ठिबकायचं. आईनं तो डबा रोज रिकामा करायचं काम मला लावून दिलं होतं आणि मी रोज विसरायचे. बाबा एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत परचेसमध्ये होते. सिमेंट, सळ्या, नळाच्या तोट्या असं काय काय वेळेवर साइटवर पोचवायचं हे त्यांचं काम. त्यामुळे ‘इन्शाल्ला’ या एका शब्दाचे त्यांना सात अर्थ पाठ होते, आणि समोरचा कुठल्या अर्थानं म्हणतोय हे ते फोनवरच्या नुसत्या आवाजावरून सांगायचे. आई मिरजेची. ती लग्नानंतर कुकर, पोळपाट आणि मराठी घेऊन शारजात आली आणि या तिन्हींवर तिचं उत्तम चाललं होतं. हिंदी तिला यायचं, म्हणजे शेवटी ‘है’ लावलं की ते हिंदी झालं अशी तिची समजूत होती. ती मराठीत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि आम्हां दोघींनाही त्यात काही विचित्र वाटायचं नाही. आज माझी मुलगी माझ्याशी तसंच बोलते तेव्हा मात्र मला राग येतो.

समोरच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये नवीन माणसं आली तेव्हा मी नववीत होते. आधी बोळात फुटबॉलची दोन मोठी जाळी आली, मग एक उंच, खांदे रुंद असलेला माणूस, मग त्याची बायको, आणि सगळ्यात शेवटी आठेक वर्षांचा एक सडपातळ मुलगा, हातात कुंडी घेऊन. बाबांनी त्याच संध्याकाळी चौकशी करून आणली. माणसाचं नाव रुबेन, देश उरुग्वे, इथल्या एका लहानशा क्लबातल्या पोरांना तो गोलकीपिंग शिकवायला आला होता. बाबांनी माझा ॲटलास काढला आणि आम्ही तिघांनी मिळून उरुग्वे शोधला. तो सापडल्यावर आई म्हणाली, “अगं बाई, इतक्या लांबून चेंडू अडवायला आला?”

बायकोचं नाव ग्रासिएला. आईच्या तोंडात ते बसेना, म्हणून आठवड्याभरात तिची गिरिजा झाली. आईचं नाव सुलभा, त्याचं तिकडून सुल्बा झालं. ग्रासिएलाला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. रुबेनला इंग्रजी यायचं, पण फक्त मैदानावरचं: कॉर्नर, ऑफसाइड, फाउल, इंजुरी, यलो कार्ड, रेड कार्ड. एवढ्यावर तो संसार चालवायचा. भाजीवाल्यानं जास्त पैसे मागितले की “फाउल,” बायकोचं डोकं दुखत असलं की “इंजुरी,” लिफ्ट बंद पडली की “हाफ टाइम.” बायकांचं मात्र यातल्या कशावाचून अडत नव्हतं. आई तिच्याशी सरळ मराठीत बोलायची, फक्त जरा सावकाश. ती स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची, तेही सावकाश. टोमॅटोचा भाव, गुडघ्याचं दुखणं, नवरे ओले टॉवेल कुठे टाकतात, हे सगळे विषय असे व्यवस्थित पार पडायचे.

एकदा आईनं तिला भोपळ्याच्या वाटीत हिरवा पाला घालून धातूच्या नळीनं काही तरी ओढताना पाहिलं आणि घरी येऊन दबक्या आवाजात म्हणाली, “वैजू, गिरिजा हुक्का ओढते गं.” दुसऱ्या दिवशी ग्रासिएलानं ती नळी आईपुढे धरली. आईनं देवाचं नाव घेऊन एक घोट घेतला, डोळे मिटले आणि सुटकेचा श्वास सोडला. “काढा आहे,” ती म्हणाली. “कडू आहे, म्हणजे औषधीच असणार.” त्यानंतर रोज अकरा वाजता दोघी आमच्या स्वयंपाकघरात बसून एकाच नळीनं तो काढा प्यायला लागल्या. आठवडाभरानं ग्रासिएलानं दोन तास दूध-साखर आटवून तपकिरी रंगाचं काही तरी केलं, तेव्हा आई ते चाटून म्हणाली, “ही आपली बासुंदीच आहे, गॅसवर विसरलेली.” पण वाटी तिनंच पुसून खाल्ली.

मुलगा निको. त्याला आमच्या शाळेत घातलं ते आईनं. शाळेची बस आमच्या दाराशी थांबते एवढं एकच कारण तिला पुरेसं होतं. तिनं ग्रासिएलाचा हात धरला, तिला बसमध्ये बसवलं, शाळेच्या ऑफिसात नेलं आणि “इसका नाव घालना है” असं सांगून निकोला तिसरीत बसवून आली. निको कुणाशीच बोलत नव्हता. वर्गात नाही, बसमध्ये नाही, माझ्याशी तर नाहीच. दुपारी रुबेन मैदानावर जायचा, ग्रासिएला त्यांच्या रिवाजाप्रमाणे दोन तास गाढ झोपायची, आणि निकोला झोप यायची नाही म्हणून तो आमच्याकडे येऊन स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यावर बसायचा. मी त्या वेळी गणिताच्या ट्यूशनला असायचे. मी गणितात दरवर्षी काठावर पास व्हायचे आणि काठ दरवर्षी थोडा वर सरकत होता.

चारेक महिन्यांनी निकोच्या दप्तरात एक पत्र आलं. शाळेत नवीन प्रिन्सिपॉल आले होते आणि त्यांनी ‘गिफ्टेड’ मुलांसाठी एक वेगळा वर्ग काढायचं मनावर घेतलं होतं. संध्याकाळी निको खाली चेंडू खेळत होता तेव्हा नवरा-बायको ते पत्र घेऊन आमच्याकडे आले. बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मजकूर सोपा होता: तुमचा मुलगा गिफ्टेड असल्याचं लेखी चाचणीत दिसून आलं आहे, त्याला मिसेस कुरियन यांच्या खास वर्गात घ्यायचा विचार आहे, जादा फी नाही, आई-वडिलांनी येत्या बुधवारपर्यंत भेटून संमतीपत्रावर सही करावी, नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. मला इंग्रजी समजलं होतं. मला वाटलं, स्पॅनिशही येतंय.

कारण माझ्याकडे डिक्शनरी होती. रोल्लातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बाबांनी ती खिशात मावणारी इंग्रजी-स्पॅनिश डिक्शनरी मला बारा दिरहमला, “म्हणजे शंभर रुपये झाले बघ,” असं मला दोनदा ऐकवून घेऊन दिली होती. तिच्यात ‘गिफ्टेड’ नव्हता, ‘गिफ्ट’ होता: रेगालो. पण पुढच्या दोन पानांत व्याकरण दिलं होतं आणि शेपटाला ‘आदो’ लावला की झालेली गोष्ट होते हे मी वाचून ठेवलं होतं. मी मनातल्या मनात शब्द जुळवला आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी उभी राहून सांगितलं, “निको रेगालादो.”

रुबेननं बायकोकडे पाहिलं. त्याला कळलं नसावं म्हणून मी आणखी स्पष्ट केलं. “एस्कुएला,” म्हणजे शाळा, “निको रेगालादो.”

“आ कियेन?” ग्रासिएलानं अगदी हळू आवाजात विचारलं. मी पानं चाळली. कियेन म्हणजे कोण. कोणाकडे, असं विचारत होती ती. मी आनंदानं म्हणाले, “सेन्योरा कुरियन.”

रुबेननं घसा खाकरला. “ग्रातिस?”

हा शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला नाही. फुकट का, असं विचारत होता. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. “सी, सी,” मी म्हणाले, “ग्रातिस.” आणि सही कुठे करायची ती जागा बोटानं दाखवली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, दोघांचेही डोळे भरून आले होते. मला ते आनंदाश्रू वाटले. बाबांनी उठून रुबेनशी हात मिळवला आणि “काँग्रॅच्युलेशन्स” म्हणाले. आईनं ग्रासिएलाच्या हातावर साखर ठेवली. मी माझ्या आयुष्यात अनेक चुका केल्या, त्यांतल्या काहींमुळे माणसं दुखावली, काहींमुळे नोकरी गेली. पण एका आईला, तुझा मुलगा शाळेनं एका बाईला फुकट देऊन टाकलाय असं सांगून, वर तिच्या तळहातावर साखर ठेवली गेली, असं परत कधी झालं नाही.

दुसऱ्या दिवशी निको बसला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. समोरचं दार बंद होतं, आणि आमच्या मजल्यावर दिवसा बंद दार म्हणजे कुणी तरी आजारी किंवा कुणाशी तरी भांडण. अकरा वाजता आई काढ्यासाठी वाट बघत बसली आणि कुणी आलं नाही. सोमवारी ती धिरडी घेऊन स्वतःच गेली. दार फटीएवढं उघडलं. ग्रासिएलानं ताटली घेतली, मान हलवली आणि दार लावलं, पण तेवढ्यात आईनं आत पलंगावर उघडी पडलेली सूटकेस पाहिली. तिच्यात निकोचे कपडे होते.

आई परत आली ती तडक माझ्यापुढे. “तू त्यांना त्या दिवशी काय सांगितलंस?”

“आय टोल्ड देम ही इज गिफ्टेड, आई.”

“मग ती माझ्याकडे असं का बघते? जसं काही मी तिचा मुलगा चोरलाय.”

मी पुन्हा डिक्शनरी काढली, पुन्हा व्याकरण वाचलं आणि माझं काही चुकलेलं नाही असा निर्वाळा दिला. आईचा विश्वास बसला नाही. तिनं बाबांना सांगितलं, “स्पॅनिश येणारं एक माणूस आणा.” बाबांनी सिमेंट आणायचं असतं तसं हे कामही अंगावर घेतलं. त्यांच्या ऑफिसात जून नावाचा एक फिलिपिनो ड्राफ्ट्समन होता, आणि तो स्पॅनिश आकडे मोजतो हे बाबांनी ऐकलं होतं. मंगळवारी संध्याकाळी त्याला ते घेऊन आले. जून गोल चेहऱ्याचा, सारखा हसणारा, आणि आल्या आल्याच त्यानं कबूल केलं की त्याला स्पॅनिश येत नाही. त्यांच्या भाषेत आकडे, चमचे, काटे, टेबल-खुर्च्या आणि महिने तेवढे स्पॅनिश, बाकी सगळं त्यांचं स्वतःचं.

“मग तू ‘येतं’ कसं म्हणालास?” बाबांनी इंग्रजीत विचारलं.

“सर, तुम्ही विचारलंत, मोजता येतं का.”

तो चहा पीत असताना मी त्याला सहज, स्वतःचं समाधान व्हावं म्हणून, काय काय बोलले ते सांगितलं. ‘रेगालादो’ म्हटल्यावर त्याचं हसू थांबलं. त्यानं कप खाली ठेवला. रेगालो हा शब्द त्यांच्याकडेही होता. “वैजू,” तो म्हणाला, “ही भेटवस्तू असते. कुणाला तरी देऊन टाकलेली. तू त्यांना सांगितलंस की मुलगा शाळेनं देऊन टाकला.” मग त्यानं जरा विचार केला. “कुणाला?”

“मिसेस कुरियनना.”

“आणि पैसे?”

“ग्रातिस,” मी म्हणाले.

जून आधी तोंडावर हात ठेवून बसून राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. बाबाही हसायला लागले. आई हसली नाही. मला तिचा चेहरा आठवतो. ती पदर खोचून उठली आणि म्हणाली, “खलास. चला आता सगळे समोर.” मला कधी नव्हे ते रडू येत होतं आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

परवा मी ही गोष्ट माझ्या मुलीला सांगितली. तिनं फोन काढला, तीन सेकंदांत मला ‘गिफ्टेड’चा खरा स्पॅनिश शब्द वाचून दाखवला: सुपरदोतादो. “दॅट्स ऑल, ममा?” तिनं विचारलं. मी म्हणाले, हो, एवढंच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही समोरचं दार पाच-सात वेळा वाजवलं तेव्हा रुबेननं उघडलं. त्याच्या मागे ग्रासिएला, आणि आतल्या खोलीचं दार बंद, म्हणजे निको तिथे. जूननं सगळी ताकद लावून “रेगालो, नो. रेगालो, नो,” असं म्हणून दोन्ही हात हलवले. रुबेन अनोळखी फिलिपिनो माणसाकडे बघत राहिला. त्याला बहुतेक वाटलं, हा मिस्टर कुरियन. त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी अडवली, अगदी गोलपोस्टमध्ये उभा राहावा तसा. मी डिक्शनरी उघडली तर ग्रासिएलानं तिच्याकडे असं पाहिलं की मी ती मिटून पाठीमागे धरली. मग मला काय सुचलं देव जाणे. मी रुबेनला त्याच्या इंग्रजीत सांगितलं, “निको, नो रेड कार्ड.”

तो थांबला. “नो रेड कार्ड?”

“नो. नो यलो कार्ड. निको गुड प्लेअर. स्कूल सेज, सिलेक्शन.”

“सेलेक्सिओन?” त्याचे हात चौकटीवरून खाली आले. त्यांच्याकडे सेलेक्सिओन म्हणजे देशाची टीम हे मला फार नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एवढं दिसलं की त्या आडदांड माणसानं मागे वळून बायकोला भराभर काही तरी सांगितलं. ग्रासिएलानं मला पुन्हा पुन्हा विचारलं, मिसेस कुरियन कोण? मी म्हणाले, “कोच.” मग ती खाली बसली, सरळ जमिनीवर, आणि तोंड झाकून घेतलं. आई तिच्याशेजारी बसली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या आणि एकाच वेळी. सूटकेस बंद करून पलंगाखाली सरकवली ती आईनंच.

बुधवारी आम्ही पाच जण टॅक्सीत कोंबून शाळेत गेलो. रुबेननं टाय लावला होता. आईनं नारायणपेठी नेसली होती, कारण मुलाला तिनं शाळेत घातलं तर ती जबाबदारी तिची. मिसेस कुरियन बुटक्या, कडक, कॉटनच्या साडीला इस्त्री इतकी की त्या बसल्या की साडीचा आवाज यायचा. त्यांच्यापुढे फॉर्म होता. रुबेननं सहीच्या आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली, जसा तो एखाद्या क्लबशी करार करत होता. आठवड्यात ट्रेनिंग किती तास, मैदान कुठलं, टीममध्ये किती जण. मी प्रत्येक प्रश्न इंग्रजीत वळवत होते.

“बारा मुलं,” मिसेस कुरियन म्हणाल्या.

रुबेननं बोटांवर हिशेब केला. अकरा खेळणार, एक बाहेर. त्यानं थेट त्यांनाच विचारलं, “निको, बेंच?”

“ऑफ कोर्स,” त्या म्हणाल्या. “फर्स्ट बेंच, खिडकीजवळ.”

तो उठून उभा राहिला. इतक्या लांबून आणून, टाय लावून, आणि मुलगा बेंचवर. त्याला परत खाली बसवायला मला पाच मिनिटं लागली. शेवटी मी वर्गाचं चित्र काढून बारा बेंच दाखवले आणि बाराच्या बाराजण खेळणार असं सांगितलं. त्याला ते पटलं नाही, पण त्यानं मान्य केलं.

मग मिसेस कुरियननी पेन खाली ठेवलं. लेखी पेपर उत्तम आहे, त्या म्हणाल्या, पण हा मुलगा चार महिन्यांत एक शब्द बोललेला नाही. वर्गात चर्चा असते, प्रश्न विचारायचे असतात. तो बोलतच नसेल तर मी त्याला कसा घेऊ? आज त्यानं तोंड उघडलं नाही तर त्यांना दुसऱ्या मुलाचा विचार करावा लागेल. हे मी आधी आईला सांगितलं, कारण रुबेनला काय सांगावं मला कळेना. “आई, शी इज सेइंग, ही डझंट टॉक.”

“कोण?” आई म्हणाली.

“निको.”

“निको बोलत नाही?” आईनं मिसेस कुरियनकडे असं पाहिलं की जणू त्यांचंच काही तरी बिनसलंय. “अगं, त्याचं तोंड बंद असतं कधी? दुपारभर माझं डोकं खातो तो.”

“कुठल्या भाषेत?” मी विचारलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मराठीत विचारलं.

“कुठल्या म्हणजे? आपल्या.”

मी निकोकडे वळले. तो खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसला होता. मिसेस कुरियनना मी विचारलं, त्यानं इंग्रजीऐवजी दुसऱ्या भाषेत उत्तर दिलं तर चालेल का. त्यांना वाटलं, स्पॅनिश. चालेल म्हणाल्या. त्यांचा प्रश्न होता: तू स्वतःहून, कुणी न शिकवता शोधून काढलेली एक गोष्ट सांग. मी तो मराठीत विचारला. निकोनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली, आणि त्या मुलानं मिरजेच्या मराठीत, एका दमात सुरुवात केली.

“मी डब्यावर बसते ना ताई, तेव्हा काकू कुकर लावतात. मी मोजते. पहिली शिट्टी यायला इतका वेळ लागतो, मी तर बाई कंटाळूनच जाते. मग दुसरी लगेच येते. तिसरी पण लगेच. पाणी आधी गार असतं, म्हणून पहिलीला उशीर. नंतर तापलेलंच असतं.” त्यानं श्वास घेतला. “आणि काकू तीन म्हणतात, पण फोन आला की पाच होतात. मग भाताचा गिचका होतो. काका काही बोलत नाहीत, गप खातात.”

चार महिने त्यानं फक्त आईचंच मराठी ऐकलं होतं, त्यामुळे तो अगदी आईसारखा बोलत होता: मी बसते, मी मोजते, मी तर बाई. हातवारेसुद्धा तिचेच. आई लाल झाली, कशानं ते सांगता येणार नाही, भाताच्या गिचक्यानं की ‘मी मोजते’नं. मी सगळं इंग्रजीत सांगितलं. बाई-बुवाचा प्रश्न इंग्रजीत येतच नाही, त्यामुळे मिसेस कुरियनना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी विचारलं, पाणी अर्धंच घातलं तर?

“मग पहिली लवकर येईल,” निको म्हणाला. “पण किती लवकर ते करून बघायला लागेल. काकू बघू देत नाहीत. कुकर जळतो म्हणतात.”

‘करून बघायला लागेल’ हे मी सांगितलं तेव्हा मिसेस कुरियन पहिल्यांदा हसल्या आणि त्यांनी फॉर्म रुबेनपुढे सरकवला. रुबेन मात्र माझ्याकडे बघत होता. “निको... हिंदी?” त्यानं विचारलं.

“मराठी.”

त्यानं तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. मग छाती फुगवून मिसेस कुरियनना सांगितलं, “निको, लेफ्ट फूट, राइट फूट. बोथ.” आणि झोकात सही केली.

मी ग्रासिएलाकडे पाहिलं तेव्हा ती हसत होती, पण ते हसू चेहऱ्यावर नुसतं ठेवलेलं होतं. तिच्या मुलानं एवढं बोलावं, समोरच्या सगळ्यांना ते कळावं, आणि तिला त्यातला एक शब्द कळू नये. घरी तो तिच्याशीही फारसा बोलत नव्हता, हे तिनंच पुढे मला सांगितलं, तिचं थोडं इंग्रजी आणि माझं जरा सुधारलेलं स्पॅनिश झाल्यावर. नवीन देशात आणल्याबद्दल तो रागावलाय असं तिला वाटायचं. तेव्हा मला एवढंच दिसलं की परतीच्या टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि आईनं ते पाहिलं.

आई पूर्ण रस्ताभर निकोला ‘मोजतो’ म्हणायला शिकवत होती. तो “मोजतो” म्हणायचा आणि पुढच्याच वाक्यात “मी येते” म्हणायचा. मी चिडून विचारलं की हा मराठी बोलतो हे तू आम्हाला आधी का नाही सांगितलंस, त्याच्या आई-बापांना त्यानंच सगळं समजावलं असतं. आई शांतपणे म्हणाली, “मला कुणी विचारलं? तुम्ही सगळे पुस्तकात बघत होतात.”

शनिवारी निकोचा नव्या वर्गातला पहिला दिवस होता. ट्यूशन बुडवून मी घरी थांबले होते, मला ऐकायचं होतं. बस आली, लिफ्टचं दार वाजलं आणि निको दप्तरासकट थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याचा चेहरा बोलण्यानं नुसता भरला होता. “काकू, आज ना मी...”

आईनं तव्यावर धिरडं घातलेलं होतं. तिनं मागे न वळता सांगितलं, “आधी तुझ्या आईला सांगून ये.”

“ती झोपलीय.”

“उठव. सगळं सांग तिला. मग ये खायला.”

तो नाराज होऊन गेला. समोरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग ग्रासिएलाचा झोपेतला आवाज, मग निकोचा. स्पॅनिश इतक्या वेगानं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. मध्येच त्याचा आवाज चढायचा, मध्येच ती काही तरी विचारायची, आणि एकदा ती इतकी खळखळून हसली की आईनं गॅस बारीक करून कान दिला. आम्हां दोघींना त्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. पाच मिनिटं झाली, वीस मिनिटं झाली. आईनं धिरडं ताटलीत काढलं, वर लोणी घातलं, झाकण ठेवलं. मग झाकण काढून पाहिलं.

“येत नाही वाटतं तो,” ती म्हणाली.

“आय विल कॉल हिम?”

“नको.”

ती तांदळाच्या डब्यावर बसली, ताटली मांडीवर घेतली आणि ते धिरडं स्वतःच खाऊन टाकलं. सावकाश, एक एक तुकडा, समोरचे आवाज ऐकत. “गार झालं असतं,” ती म्हणाली.